साठविलेली आज्ञा आणि तिची दुरुस्ती

कोणत्याही मोठ्या कारभाराचा गाडा नियमांवर चालतो, आणि नियम म्हटला की त्याच्यामागोमाग दोन प्रश्न येतातच. नियम लिहून ठेवावयाचा कोठे, हा पहिला. आणि काळ पालटला म्हणजे तो बदलावयाचा कसा, हा दुसरा. सरकारी कचेऱ्यांतून नियमपुस्तिकांच्या पानांवर शुद्धिपत्रकांच्या चिठ्ठ्या डकविण्याची जी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचा उगम या दुसऱ्या प्रश्नात आहे. मुख्य कचेरीत नियम बदलला, तरी तालुक्याच्या गावी असलेल्या प्रतीवर चिठ्ठी डकविली गेली नाही, तर तेथील कारकून जुन्याच नियमाने हिशेब करीत राही. आणि त्यात त्याला दोष देणेही कठीण असे. एकाच दिवशी, एकाच बाबतीत, दोन ठिकाणी दोन न्याय होत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिशेबाचे काम हळूहळू यंत्राकडे गेले, तेव्हा हे दोन्ही प्रश्न यंत्राच्याही घरी जाऊन पोचले. संगणकाला घालून दिलेला नियम राहतो कोठे, आणि तो बदलण्याचा अधिकार व रीत कोणती, यांचा विचार गेली कित्येक दशके चालू आहे. त्या विचारातून ‘स्टोअर्ड प्रोसिजर’, म्हणजे माहितीच्याच कोठारात साठवून ठेवलेली कार्यपद्धती, ही कल्पना निघाली. तिची दुरुस्ती करणे ही वरवर पाहता एखाद्या तंत्रज्ञाची चार ओळींची कामगिरी होय. परंतु बँकेतील व्याज, नोकराचे निवृत्तिवेतन, व्यापाऱ्याचा कर यांचे आकडे त्या चार ओळींतून निघतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या बाबीचा इतिहास केवळ तंत्रज्ञांपुरता राहत नाही.

एकदा लिहावे आणि अनेकदा वापरावे, ही या सर्व इतिहासातील मूळ कल्पना. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेले ‘एडसॅक’ नावाचे यंत्र १९४९ साली चालू झाले. त्यावर काम करणाऱ्या मंडळींना लवकरच दिसून आले की वर्गमूळ काढणे, उत्तरे छापणे अशा गोष्टींसाठी लागणाऱ्या आज्ञा प्रत्येक जण पुन्हा पुन्हा लिहीत बसतो आणि पुन्हा पुन्हा त्याच चुका करतो. तेव्हा डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने अशा आज्ञांचे स्वतंत्र संच करून, कोणत्याही कामातून त्यांना पाचारण करता यावे आणि ते संपताच मूळ जागी परतता यावे, अशी युक्ती काढली. छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर हे संच उतरवून त्यांचा संग्रह करण्यात आला. विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ले गिल या तिघांनी १९५१ साली याविषयी पुस्तकही प्रसिद्ध केले. तथापि ही सोय आज्ञांपुरतीच होती. ज्या माहितीवर त्या चालावयाच्या, ती माहिती ज्याच्या त्याच्या फितीवर, ज्याच्या त्याच्या पद्धतीने मांडलेली असे.

माहिती एकत्र ठेवण्याचा उद्योग १९६० नंतर जोरात सुरू झाला. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाकमन यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ नावाची व्यवस्था उभी केली. तिच्यात एक नोंद दुसरीला साखळीच्या कड्यांप्रमाणे जोडलेली असे. पुढे चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो योजनेतील असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएम कंपनीने रॉकवेल कंपनीच्या साहाय्याने ‘आयएमएस’ ही व्यवस्था रचली. ती १९६८ साली कॅलिफोर्नियातील डाउनी येथे चालू झाली. या व्यवस्थांनी मोठे काम केले यात शंका नाही. परंतु त्यांचा वापर करणाऱ्याला माहितीच्या अरण्यातील प्रत्येक पायवाट ठाऊक असावी लागे. कोणत्या नोंदीपासून निघून कोणत्या वळणाने कोठे पोचावयाचे, हे त्याला आज्ञांमध्ये टप्प्याटप्प्याने लिहावे लागे. माहितीची मांडणी थोडीशी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली सारी कामे मोडत, आणि ती पुन्हा उभी करण्यात महिनेच्या महिने जात.

या अडचणीवर मूलगामी उपाय सुचविला तो एडगर कॉड यांनी. १९२३ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे जन्मलेल्या कॉड यांनी ऑक्सफर्ड येथे गणिताचे शिक्षण घेतले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक म्हणून काम केले, आणि नंतर अमेरिकेत जाऊन आयबीएमच्या नोकरीत प्रवेश केला. सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना, १९७० सालच्या जून महिन्यात, ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्यांचा सुप्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. सर्व माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने मांडावी, तक्त्यांतील परस्परसंबंध त्यांच्यातील मूल्यांनीच दाखवावे, आणि यंत्राच्या पोटात ती कशी रचली आहे याचे ज्ञान वापरणाऱ्यावर लादू नये, असा त्या निबंधाचा इत्यर्थ होता. खातेवही व कीर्द यांची सवय असलेल्या माणसाला तक्ता काही नवा नव्हे. नवे होते ते त्यामागील गणिती शिस्त आणि आतील रचनेपासून वापरणाऱ्याला मुक्त करण्याचा आग्रह.

हा विचार सहजासहजी मान्य झाला नाही. १९७४ साली मिशिगनमधील ॲन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत कॉड आणि बाकमन यांच्या दोन पक्षांमध्ये जाहीर वाद झाला. त्याच वर्षी आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर पसरली. दुर्दैवाने बॉइस यांचे त्याच साली अल्पवयात निधन झाले. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रयोगाने आणि बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी उभारलेल्या ‘इंग्रेस’ या प्रयोगाने कॉड यांची कल्पना व्यवहारात उतरू शकते हे सिद्ध केले. १९७९ साली ‘ओरॅकल’ बाजारात आले, १९८३ साली आयबीएमचे ‘डीबी टू’ आले, आणि मधल्या काळात, १९८१ साली, कॉड यांना संगणकविद्येतील ट्युरिंग पुरस्कार देऊन गौरविण्यात आले.

अशा रीतीने माहितीला एक घर मिळाले. परंतु नियम मात्र बेघरच राहिले. १९८० नंतर कचेऱ्यांतून लहान संगणक टेबलाटेबलावर येऊ लागले. माहिती मधल्या मोठ्या यंत्रात, म्हणजे सर्व्हरमध्ये. आणि व्याज कसे काढावयाचे, उधारीची मर्यादा किती, कोणत्या बिलावर कोणाची सही हवी, हे नियम प्रत्येक टेबलावरील यंत्रात स्वतंत्रपणे भरलेले, असा प्रकार होता. शंभर टेबले म्हणजे नियमाच्या शंभर प्रती. त्यांतील एक बदलावयाची राहून गेली, तर तालुक्याच्या गावी न डकविलेल्या चिठ्ठीची गोष्ट पुन्हा घडे. फरक इतकाच की आता ती विजेच्या वेगाने घडे.

यावर उपाय म्हणून नियमालाही माहितीच्या शेजारीच, सर्व्हरमध्ये, जागा देण्याची कल्पना पुढे आली. बर्कलीच्या इंग्रेस प्रयोगात तयार झालेले बॉब एप्स्टाइन यांनी मार्क हॉफमन प्रभृतींसह १९८४ साली ‘सायबेस’ या कंपनीची स्थापना केली. तिने १९८७ साली विक्रीस आणलेल्या डेटाबेसमध्ये साठविलेल्या कार्यपद्धतीची सोय होती. आज्ञांचा एक संच लिहावयाचा, त्याला नाव द्यावयाचे आणि तो सर्व्हरच्या स्वाधीन करावयाचा. सर्व्हर तो तपासून आपल्यापाशी ठेवी. त्यानंतर टेबलावरील यंत्राने केवळ ते नाव आणि आवश्यक ती मूल्ये, उदाहरणार्थ खाते क्रमांक व तारीख, एवढेच कळवावयाचे. बाकीचे सर्व काम सर्व्हरमध्ये होऊन उत्तर परत येई.

याचे लाभ तीन होते. तारांवरून होणारी माहितीची ये-जा कमी झाली, हा पहिला. नियमाची एकच प्रत उरली, हा दुसरा. तिसरा लाभ कारभाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा होता. मूळ तक्त्याला हात लावण्याची मुभा न देताही एखाद्या कर्मचाऱ्याला विशिष्ट कार्यपद्धती चालविण्याचा अधिकार देता येऊ लागला. तिजोरीची किल्ली न देता, खिडकीतून ठरलेली रक्कम देण्याचा अधिकार द्यावा, तसेच हे झाले. त्यामुळे साठविलेली कार्यपद्धती ही नुसती आज्ञा राहिली नाही. तिच्याभोवती अधिकारांचे एक जाळे विणले गेले. कोणी ती चालवावी, दुसऱ्या कोणत्या कार्यपद्धती तिच्यावर विसंबून आहेत, कोणते पडदे व अहवाल तिला हाक मारतात, या सर्वांचे धागे तिच्याशी बांधलेले असत. दुरुस्तीचा प्रश्न बिकट झाला तो या धाग्यांमुळे.

आरंभीच्या काळात दुरुस्तीची रीत अगदी ठोक होती. ‘ड्रॉप’ ही आज्ञा देऊन जुनी कार्यपद्धती काढून टाकावयाची आणि ‘क्रिएट’ ही आज्ञा देऊन त्याच नावाने नवी निर्माण करावयाची. माणसाच्या दृष्टीने नाव तेच, काम तेच. परंतु यंत्राच्या दृष्टीने जुनी मेली आणि ही वेगळीच जन्मली. जुनीला जोडलेले सर्व अधिकार तिच्याबरोबर नष्ट होत. रात्री दुरुस्ती करून तंत्रज्ञ घरी जाई, आणि सकाळी खिडकी उघडताच काम अडे; कारण नवी कार्यपद्धती चालविण्याची परवानगी कोणालाच दिलेली नसे. शिवाय जुनी काढली आणि नवी लिहिण्यात काही चूक निघाली, तर मधल्या वेळात त्या नावाचे काहीच अस्तित्वात नसे. म्हणून सावध माणसे आधी सर्व अधिकारांची यादी काढून ठेवीत आणि नव्या मजकुराच्या शेवटी ते अधिकार पुन्हा बहाल करणाऱ्या आज्ञा जोडीत. ज्यांच्या अंगी ही सावधगिरी नसे, त्यांना ती सकाळी शिकावी लागे.

सायबेसचे हेच तंत्र पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या हाती आले. १९८८ साली उभयतांनी ॲश्टन-टेट या तिसऱ्या कंपनीसह ‘एसक्यूएल सर्व्हर’ची घोषणा केली, १९८९ साली तो विक्रीस आला, आणि १९९४ साली दोन्ही कंपन्यांचे मार्ग वेगळे झाले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने १९९८ साली काढलेल्या सातव्या आवृत्तीत ‘ऑल्टर प्रोसिजर’ ही आज्ञा दाखल झाली. तिचे वैशिष्ट्य हे की मजकूर नवा येतो, पण कार्यपद्धतीची ओळख आणि तिच्यावर दिलेले अधिकार कायम राहतात. वृक्ष उपटून दुसरा लावण्याऐवजी त्याच बुंध्यावर कलम करावे, तसे हे होते.

कायद्याच्या जगाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हा भेद नवीन वाटणार नाही. जुना अधिनियम निरसित करून त्या जागी नवा करणे हा एक मार्ग, आणि मूळ अधिनियम कायम ठेवून त्यात दुरुस्ती करणे हा दुसरा. पहिल्या मार्गात एक धोका असतो. जुन्या अधिनियमाखाली झालेल्या नेमणुका, काढलेल्या अधिसूचना व दिलेले आदेश यांचे काय होणार? भारतात १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या २४ व्या कलमाने याची तरतूद करून ठेवलेली आहे. निरसन होऊन पुन्हा अधिनियम झाला, तर जुन्याखालील आदेश, नव्याशी विसंगत नसतील तोवर, नव्याखालीच दिले आहेत असे मानले जाते. जी गोष्ट विधिज्ञांनी एकोणिसाव्या शतकात अनुभवाने ओळखून कलमबद्ध केली, तीच यंत्रविशारदांना विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे शोधावी लागली. माणसांचे हक्क नियमाच्या शब्दांना नव्हे, नियमाच्या सातत्याला चिकटलेले असतात, हे दोन्हीकडचे सार आहे.

निरनिराळ्या कंपन्यांनी या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली. ओरॅकलच्या १९९२ सालच्या सातव्या आवृत्तीत साठविलेल्या कार्यपद्धती आल्या, आणि तेथे ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ अशी जोडआज्ञा स्वीकारली गेली. नसेल तर निर्माण करा, असेल तर बदला आणि दिलेले अधिकार जपा, असा तिचा अर्थ. ओरॅकलने आणखी एक गोष्ट केली. एखादी कार्यपद्धती बदलली की तिच्यावर विसंबून असलेल्या इतरांवर ‘अवैध’ असा शिक्का बसतो, आणि पुढच्या वापराच्या वेळी त्यांची पुन्हा तपासणी होते. शिवाय अनेक कार्यपद्धतींचे एक गाठोडे बांधून, बाहेरच्यांना दिसणारे दर्शनी रूप आणि आतील प्रत्यक्ष काम हे दोन भाग वेगळे ठेवण्याची सोय तेथे आहे. आतला भाग बदलला तरी दर्शनी भाग तसाच असेल, तर अवलंबून असणाऱ्यांना धक्का लागत नाही. कॉड यांनी माहितीच्या बाबतीत जो आग्रह धरला होता, तोच येथे नियमाच्या बाबतीत साधला गेला.

१९९६ साली या विषयाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले. परंतु तोपर्यंत प्रत्येक कंपनीची वहिवाट पक्की झाली होती, आणि एकच शब्द वेगवेगळ्या घरांत वेगवेगळा अर्थ धारण करून बसला होता. ‘मायएसक्यूएल’ या लोकप्रिय डेटाबेसमध्ये २००५ साली, पाचव्या आवृत्तीत, साठविलेल्या कार्यपद्धती आल्या; तेथेही ‘ऑल्टर प्रोसिजर’ ही आज्ञा आहे, पण तिने केवळ काही बाह्य लक्षणे बदलतात; मूळ मजकूर बदलावयाचा तर जुनी काढून नवी करणे प्राप्त होते. बर्कलीच्याच परंपरेतून निघालेल्या ‘पोस्टग्रेस’मध्ये फलने, म्हणजे फंक्शन्स, फार पूर्वीपासून असली, तरी ‘प्रोसिजर’ या नावाचा वेगळा प्रकार २०१८ साली, अकराव्या आवृत्तीत, आला. तेथे ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ करताना द्यावयाच्या मूल्यांचा प्रकार बदलला, तर जुनी कार्यपद्धती बदलत नाही. तिच्या शेजारी त्याच नावाची दुसरी उभी राहते, आणि दोघी नांदू लागतात. आपण दुरुस्ती केली अशा समजुतीत माणूस असतो, आणि जुनी आज्ञा कोठेतरी पूर्वीप्रमाणेच पाळली जात असते. मायक्रोसॉफ्टने ‘क्रिएट ऑर ऑल्टर’ ही जोडआज्ञा २०१६ साली स्वीकारली. तेव्हा एका घरचा अनुभव दुसऱ्या घरी जसाच्या तसा लावणे किती धोक्याचे, हे या इतिहासावरून दिसून येते.

‘ऑल्टर’ या शब्दाने आणखी एक गैरसमज निर्माण होतो. दुरुस्ती म्हटली की फक्त तेवढा शब्द वा तेवढी ओळ बदलली जात असेल, असे वाटते. वस्तुतः तसे नाही. दुरुस्ती करणाऱ्याला संपूर्ण मजकूर नव्याने द्यावा लागतो, आणि तो जुन्याची जागा संपूर्णपणे घेतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ कार्यपद्धतीचा मजकूर गुप्त ठेवण्याचा पर्याय निवडलेला असेल आणि नव्या आज्ञेत तो पुन्हा लिहिला नाही, तर तो पर्यायही गळून पडतो. याहून गंभीर गोष्ट अशी की जुना मजकूर डेटाबेस आपणहून जपून ठेवतोच असे नाही. कायद्याच्या पुस्तकात दुरुस्तीखाली वर्ष व क्रमांक यांची टीप असते. पूर्वी काय लिहिले होते, ते राजपत्रात शोधता येते. येथे मात्र नवा मजकूर आला की जुन्याचा मागमूस उरत नाही. दोघांनी एकाच दिवशी एकाच कार्यपद्धतीची जुनी प्रत घेऊन आपापली दुरुस्ती केली, तर नंतर आलेल्याची राहते आणि आधी आलेल्याची नाहीशी होते. यंत्र याबद्दल एक शब्दही बोलत नाही.

म्हणून विवेकी संस्थांनी कार्यपद्धतीचा अधिकृत मजकूर डेटाबेसच्या बाहेर, आवृत्ती-नोंदीच्या व्यवस्थेत, ठेवण्याची शिस्त स्वीकारली. अशा व्यवस्थांचाही इतिहास जुना आहे. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली पहिल्या व्यवस्थांपैकी एक निर्माण केली. आणि २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी रचलेली ‘गिट’ ही व्यवस्था आज सर्वत्र रूढ आहे. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, हे तेथे पाहता येते. आणि का बदलली, हेही लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे नमूद केले असेल तर कळते. सरकारी फायलीवरील टिपणीचे आणि या नोंदीचे प्रयोजन एकच आहे. ज्याने निर्णय घेतला तो उद्या येथे नसेल, परंतु निर्णय मागे राहील, याची ती जाणीव होय.

दुरुस्तीची खरी कसोटी भारतासारख्या विशाल देशात लागते. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी जुन्या विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. पुढे १ जुलै २०१७ रोजी, मध्यरात्रीच्या ठोक्याला, देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. त्या रात्री बिले करणाऱ्या व हिशेब ठेवणाऱ्या यंत्रांना नवे नियम एकाच क्षणापासून पाळावयाचे होते. परंतु केवळ नवा नियम घालून भागत नव्हते. जून महिन्यात विकलेल्या मालाचा हिशेब जुन्याच नियमाने व्हावयास हवा होता, आणि मागील वर्षांची करनिर्धारणे जुन्याच कायद्याखाली चालू राहावयाची होती. १८९७ च्या अधिनियमाचे सहावे कलम हेच सांगते की निरसनामुळे पूर्वी प्राप्त झालेले हक्क व दायित्वे बुडत नाहीत. ज्या कार्यपद्धतीत कराचा दर मजकुरातच कोरलेला असतो, तिची सरळ दुरुस्ती केली की कालच्या व्यवहारालाही आजचा दर लागतो. यावर अनुभवी मंडळींचा उपाय साधा आहे. वारंवार बदलणारी गोष्ट, म्हणजे दर, मर्यादा, मुदत, ही आज्ञेत लिहू नये. ती ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशा स्तंभांसह तक्त्यात ठेवावी, आणि कार्यपद्धतीने व्यवहाराची तारीख पाहून योग्य ती ओळ निवडावी. मग दर बदलला तरी आज्ञेला हात लावावा लागत नाही, आणि जुना दर आपल्या जागी साक्षीला उभा असतो. त्याचप्रमाणे एखाद्या कार्यपद्धतीला नवे मूल्य द्यावयाचे झाल्यास, ते न मिळाल्यास काय धरावे हेही तिच्यात सांगून ठेवावे. म्हणजे जुन्या रीतीने हाक मारणारे उघडे पडत नाहीत.

साठविलेल्या कार्यपद्धतींना विरोधकही होते आणि आहेत. प्रत्येक कंपनीची कार्यपद्धती लिहिण्याची भाषा वेगळी असल्याने एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाणे कष्टाचे होते. शिवाय नियम डेटाबेसमध्ये ठेवले की त्यांची तपासणी व चाचणी अवघड जाते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून अनेकांनी नियम डेटाबेसच्या बाहेर, मधल्या एका थरात, नेऊन ठेवले. या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि नियमाची जागा बदलल्याने दुरुस्तीचा प्रश्न सुटत नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नाइट कॅपिटल या दलाली संस्थेवर आलेला प्रसंग हेच सांगतो. तिच्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवा कार्यक्रम बसविला गेला. आठवा राहून गेला. त्या एकाच यंत्रात वर्षानुवर्षे न वापरलेला जुना भाग जागा झाला, आणि सुमारे पाऊण तासात संस्थेचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. तेथील नियम साठविलेल्या कार्यपद्धतीत नव्हता. परंतु अनेक प्रतींपैकी एक दुरुस्त करावयाची राहिली, हा दोष मात्र नियमपुस्तिकेवर न डकविलेल्या त्या चिठ्ठीइतकाच जुना होता.

एकच प्रत ठेवावी, तर ती बदलणाऱ्याचा हात साऱ्या देशावर एकाच क्षणी पडतो. अनेक प्रती ठेवाव्या, तर एखादी मागे राहते. या दोहोंतून सुटका करणारी तिसरी वाट आजवर सापडलेली नाही. जे सापडले आहे ते शिस्तीच्या रूपाने. बदलण्याचा अधिकार मोजक्यांना असावा, बदल आधी दुसऱ्या डोळ्यांखालून जावा, प्रत्यक्ष व्यवहारापासून दूर असलेल्या प्रतीवर त्याची परीक्षा व्हावी, जुना मजकूर परत आणता यावा, आणि प्रत्येक बदलाची खूण मागे राहावी, एवढी ती शिस्त आहे.

एडगर कॉड २००३ साली निवर्तले. वापरणाऱ्याला आतली रचना ठाऊक असण्याची गरज पडू नये, ही त्यांची इच्छा बऱ्याच अंशी फळाला आली आहे. आज खेड्यातील पोस्टात आपल्या पासबुकावर व्याजाची नोंद करून घेणाऱ्या म्हातारीला, तो आकडा कोणत्या आज्ञेतून निघाला आणि ती आज्ञा मागच्या महिन्यात कोणी बदलली, हे ठाऊक नसते. ठाऊक असण्याचे कारणही नाही. परंतु तिला जे ठाऊक नाही, ते कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे, आणि तिने विचारले तर लेखी दाखविता आले पाहिजे. यंत्राने कारभार सोपा केला तो विश्वासाच्या भांडवलावर. ते भांडवल सांभाळण्याची जबाबदारी, पूर्वी शुद्धिपत्रकाची चिठ्ठी डकविणाऱ्या कारकुनावर होती, तशीच आता ‘ऑल्टर’ हा शब्द लिहिणाऱ्या माणसावर आलेली आहे.